कापसाच्या खोलीतला लॅपटॉप

आमचं घर पुलगावजवळ नाचणगावात आहे. पुढे ओसरी, मग दोन खोल्या, मागे सैपाकघर. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचून घरात यायला लागला की समोरची खोली त्याची होते. भिंतीला लागून ढीग चढत जातो, पार छताच्या पंख्यापर्यंत. मग तो पंखा उन्हाळ्यापर्यंत कोणी लावत नाही. भाव चढेपर्यंत कापूस तिथेच राहतो. कधी संक्रांतीनंतर निघतो, कधी होळी येते. तोवर पाहुण्याने ओसरीवर बसावं. गावात ज्याच्याकडे शेत आहे त्याच्या घरी हेच. ऊन तापायला लागलं की त्या ढिगामुळे घरातल्या माणसांच्या अंगाला खाज सुटते. खाजवत बसतात, पण विकत नाहीत. लवकर विकणाऱ्याला गाव हसतं.

शेत माझ्या नावावर आहे. नवरा गेला तेव्हा झालं. त्यामुळे कापूस केव्हा काढायचा ते मी सांगते. मुलगा सावंगीला औषधाच्या दुकानात बसतो. रोज जाणंयेणं करतो. शेतीत त्याचं लक्ष नाही आणि मी घालू देत नाही.

सून शिकलेली आहे. घरांचे नकाशे काढायचा कोर्स तिने लग्नाआधी केला होता. लग्न झालं, मुलगी झाली, नकाशे बाजूला पडले. मुलगी शाळेत जायला लागली तशी ती पुन्हा त्याच्या मागे लागली. सिंदी मेघेला एक इंजिनियर आहे, लोकांना घरं बांधून देतो. त्याच्याकडे ती जाऊन आली. त्याने सांगितलं, काम घरी बसून करा, माझी हरकत नाही. पण नुसत्या रेघा आता कोणी पाहत नाही. माणसाला पडद्यावर घरात फिरून आल्यासारखं वाटलं पाहिजे. एक घर करून दाखवा. जमलं तर पुढची घरं तुमच्याकडे.

त्यासाठी लॅपटॉप लागतो. मुलाने ओळखीतून एक जुना आणला. नागपूरच्या कुठल्या ऑफिसात वापरून काढून टाकलेला. काळा, जाड, पाट्यासारखा जड. ऑफिसवाल्यांचे लॅपटॉप मजबूत असतात, पडले तरी फुटत नाहीत, असं मुलगा म्हणाला. ते खरं असेल. पण तो पत्रं लिहायला आणि हिशेब करायला केलेला होता. घरं फिरवायला केलेला नव्हता.

मागच्या खोलीत आम्ही झोपतो, टीव्ही तिथेच, नातीचा अभ्यासही तिथेच. म्हणून सुनेने कापसाच्या खोलीत बस्तान मांडलं. टेबल नव्हतं. ढिगात पाठ खुपसून बसायची, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप. उशीही घरच्याच कापसाची. थंडीत कापसात पाठ घालून बसलं की शाल लागत नाही. आमच्याकडे लहानपणापासून सगळे असेच बसतात, त्यात कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

पहिल्यांदा मी तिचं काम पाहिलं तेव्हा पडद्यावर एक सोफा होता आणि त्याच्यामागे काहीच नव्हतं. बऱ्याच वेळाने एक भिंत आली.

"हे घर बांधून राह्यलं का पाडून राह्यलं?" मी विचारलं.

"आई, ते लोड होऊन राह्यलं."

"गवंडी याच्याआधी बांधून मोकळा होईन."

ती हसली नाही. पडद्यावरचा बाण फिरवत राहिली आणि सोफा जागचा हलला नाही.

मग आम्ही वर्ध्याला गेलो. मला चष्म्याचा नंबर पाहायचा होता आणि तिला लॅपटॉप दाखवायचा होता, म्हणून एकाच बसने. दुकानदार चाळिशीचा, बोलण्याची हौस असलेला. ती काय काम करते ते तिने सांगितलं. त्याने लॅपटॉप उलटा केला, तळाला चिकटवलेला कागद वाचला आणि मान हलवली.

"मॅडम, हा नांगराचा बैल होय. तुम्ही याले शंकरपटाच्या शर्यतीत पळवून राह्यल्या."

"मंग? दुसरा घ्याव लागन?" सुनेने विचारलं.

"तसं नाई. पाहा, गेमवाल्या लॅपटॉपमंधी चित्राचं वेगळं कार्ड राह्यते. याच्यात नाई, अन् बसवताही येत नाई. हा आपल्याच मेमरीतली थोडी चित्राले वाटून देते. घरात एकच भाकर अन् खाणारे दोन, तसं. म्हणून मेमरी वाढवू. अन् याची हार्डडिस्क जुनी हाय, गरगर फिरणारी. ती काढून न फिरणारी टाकू, एसएसडी."

"त्यानं घर फिरन का?" मी विचारलं.

"आजी, पळन."

त्याने खालचं एक लहान झाकण काढलं, दोन वस्तू काढल्या, दोन घातल्या, झाकण लावलं. मग चालू करून आत काहीबाही बदललं. बॅटरी वाचवायची सवय बंद केली, आता पूर्ण जोर लावेल, असं म्हणाला. चित्रं चालवणारा प्रोग्रामही नवा टाकला. तोवर मी चष्म्याचं उरकून आले. माझा नंबर वाढला होता. तिच्या लॅपटॉपचंही तसंच झालं असं मी तिला म्हटलं. तेव्हा मात्र ती हसली.

घरी आल्यावर खरंच फरक पडला होता. पूर्वी बटण दाबून ती चहा ठेवायला जायची, आता बटण दाबलं की पडदा तयार. भिंती सोफ्याबरोबरच येऊ लागल्या. इंजिनियरने दिलेलं घर देवळीकडच्या एका शेतकऱ्याचं होतं, मोठं, दोन मजल्यांचं. तिने ते पूर्ण उभं केलं. जिना, कठडा, फरशी, खिडकीतून येणारं ऊनसुद्धा. मुलगा दुकानातून आला की त्याला दाखवायची. तो चपला न काढता पाहत बसायचा.

मग लॅपटॉप पुन्हा अडायला लागला. आधी दुपारी, मग सकाळपासूनच. त्यातून गिरणीसारखा आवाज यायचा. एकदा मी खालून हात लावला तर तवा. भाकर टाकली असती तर शेकली असती.

"हे इतकं तापून काऊन राह्यलं?" मी विचारलं.

"काम भारी हाय न आई. तापते ते."

तिलाही तसंच वाटत होतं आणि मला त्यातलं काय कळतं? मी विचारणं सोडून दिलं.

दाखवायचा रविवार आला. ती एकटीच गेली. परत आली तेव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. पिशवी खाली ठेवून ती माझ्या बाजूला बसली आणि शेंगा सोलायला लागली.

"काय झालं?" मी विचारलं.

"जिन्यापर्यंत गेलं. मंग थांबलं."

"मंग?"

"मंग काय. त्या घरची बाई म्हणे, आमचं सैपाकघर कुठी गेलं? अर्ध्या भिंतीच आल्या. ओट्याच्या जागी काळं दिसे. सारे बसून राह्यले पडद्याकडे पाहत. मी बटणं दाबून राह्यली."

"इंजिनियर काय म्हणला?"

"म्हणला, ताई, तुमचं काम चांगलं हाय, मशीन चांगलं नाई. ते लोक पुढच्या रविवारी पुन्हा येऊन राह्यले. तवा चाललं तर ठीक. नाई तर नागपूरचा एक पोरगा हाय, त्याले देतो म्हणला सारं."

शेंगा सोलून झाल्या. ती उठून सैपाकाला लागली. रडणारी बाई नाही ती. मला ते बरं वाटतं, कारण रडणाऱ्याशी काय बोलावं ते मला समजत नाही.

सोमवारी पुन्हा वर्ध्याला. या वेळी मला काही काम नव्हतं, पण त्या दुकानदाराने पळेल म्हणून सांगितलं होतं आणि मला त्याला विचारायचं होतं. विचारलं. तो म्हणाला, "आजी, बसा. पहिले पाहू तर द्या." या वेळी त्याने लहान झाकण न काढता सगळे स्क्रू काढले आणि पूर्ण तळ उचलला. एका कोपऱ्यात छोटा पंखा होता. त्याच्यापुढे तांब्याची जाळी. जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर गादी बसली होती.

दुकानदाराने चिमट्याने ती ओढली. अख्खी निघाली.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही याच्यात गादी पिंजता का?"

शेजारच्या दुकानातला माणूसही पाहायला आला. सुनेचं तोंड लाल झालं. मी ते हातात घेतलं. राखाडी झालेला, पण कापूसच. आमचाच. चौथीपर्यंतच्या शाळेत आम्हाला टकळीवर सूत कातायला लावत, त्यासाठी कापसाचे लांब पेळू देत. तसाच पेळू, फक्त मळलेला. पंख्याने ओढून ओढून वळला होता.

"पहिल्या वेळी काऊन नाई पाहिलं हे?" सुनेने त्याला विचारलं. आवाज चढला होता.

"मॅडम, तुम्ही स्पीडचं सांगतलं, मी स्पीडचं केलं. हे तर या बाजूनं खोलल्याबिगर दिसतच नाई."

"म्हणजे ते मेमरी अन् काय ते, सारं फुकट?" मी विचारलं.

"फुकट कायचं, आजी? ते लागनच. पण हा तापला की सोताच हळू होते, जळू नाई म्हणून. बैलाले दाणा चारला, पटात उतरवला, अन् नाकात बोळा कोंबला. मंग तो पळन कसा?"

त्याने पंखा ब्रशने साफ केला, जाळीत हवा मारली, आतल्या एका चिपवरचा वाळलेला लेप खरडून नवा लावला. मग विचारलं, हा ठेवता कुठे? सुनेने सांगितलं. कापसाची खोली, ढीग, उशी. तो हसायचा थांबला.

"मंग मी आज साफ करून देतो, अन् तुम्ही पुढच्या हप्त्यात पुन्हा येसान. मॅडम, त्या घरात एक तर कापूस ठेवा, नाई तर हा."

बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. पुलगावला उतरल्यावर म्हणाली, "आई, कापसावर ताडपत्री टाकली तर?"

"घामेजते. पिवळा पडन."

"सैपाकघरात बसलं तर?"

"फोडणी देशीन तवा काय करशीन? तेलाचा धूर त्याच्या नाकात जाईन तो?"

ओसरीवर बसून पाहिलं तिने दुसऱ्या दिवशी. रस्त्याची धूळ, पडद्यावर ऊन, शाळेतून येणारी पोरं खांद्यावरून डोकावणारी. शिवाय समोरच्या खोलीचं दार उघडलं की कापसाचा तूस, ती बारीक लव, ओसरीवरही येतोच. मागच्या खोलीत पलंगावर बसली तर तिथेही गोधडीवर तूस होता. तिने बोट फिरवून मला दाखवला. इतकी वर्षं मी त्या घरात राहते, मला तो कधी दिसला नव्हता. दिसण्याची गरज नव्हती.

मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "कापूस काढता येत नाई आता. सारे थांबून राह्यले. भाव चढन." शेतात लक्ष नसलेल्या माणसाला भावाचं बरोबर माहीत असतं.

बुधवारी संध्याकाळी ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "मी सांगून देतो त्याईले. जमत नाई म्हणून. देऊन दे म्हणा नागपूरच्या पोराले."

"अन् मंग?"

"मंग काय. आधी करत होती तेच."

"भांड न जरा," मी म्हटलं.

"कोणाशी? कापसाशी?"

ताट घेऊन ती आत गेली. मी तिथेच बसून राहिले. मला तिची दया आली असं नाही. मी हिशेबाने पाहिलं. कापूस दर वर्षी येतो. पाऊस कमी झाला तरी थोडा येतोच. हे काम दर वर्षी दारात येणार नव्हतं. आणि ती तोंड पाडून घरात बसली असती तर ते तोंड मुलाला दिवसातून दोनदा दिसलं असतं. मला दिवसभर.

सकाळी मी पुलगावच्या व्यापाऱ्याला फोन लावायला मुलाला सांगितलं.

"आई, गाव हसन," तो म्हणाला.

"हसू दे. खाज सुटन तवा माह्या दारात येऊन खाजवा म्हणा."

सुनेने दारातून ऐकलं. चहा दोनदा आणून दिला, एवढंच.

व्यापारी गाडी घेऊन आला. जुना माणूस, दर वर्षी आमचा कापूस तोच नेतो, दर वर्षी माझ्याशी भावावरून वाद घालतो. या वेळी मी वाद घातला नाही तर तोच घाबरला.

"आजी, तुम्ही? एवढ्या लवकर? घरात लग्न काढलं का?"

"लॅपटॉप काढला," मी म्हटलं.

तो सुनेकडे पाहत राहिला. मग त्याची माणसं आत शिरली, गाठोडी बांधली, गाडीत कापूस पायांनी तुडवून भरला. शेजारीण भिंतीवरून पाहत होती. "काऊन वं, एवढी काय घाई पडली?" तिने विचारलं. मी म्हटलं, तुले सांगतलं तर समजन का? तिला राग आला. येऊ दे. मलाही धड समजलेलं नव्हतं.

दुपारी खोली रिकामी होती. भिंत निळी होती हे मी विसरले होते. सुनेने पदर तोंडाला बांधून जाळं काढलं, भिंती पुसल्या, फरशी दोनदा धुतली, पंख्याच्या पात्यांवरून तूस काढला. मुलाने दुकानातून औषधांची खोकी ठेवायचं एक जुनं टेबल आणलं. त्यावर लॅपटॉप ठेवला आणि त्याच्याखाली चार बाटल्यांची झाकणं लावली, खालून हवा जावी म्हणून. उशी मी उचलून मागच्या खोलीत नेली.

रविवारी मीही तिच्याबरोबर गेले. तिने बोलावलं नव्हतं. मला पाहायचं होतं कापूस कशासाठी गेला ते.

इंजिनियरचं ऑफिस म्हणजे त्याच्या घराची पुढची खोली. तो शेतकरी आला होता, त्याची बायको, आणि या वेळी त्याची म्हातारी आईही. माझ्याच वयाची, काठी घेतलेली. तिला खुर्ची दिली ती पडद्यासमोर ओढून बसली, बाकीच्यांना दिसेना तरी.

सुनेने सुरू केलं. फाटक, अंगण, दार. आतली बैठक. जिन्यापाशी आली तेव्हा ती श्वास धरून होती हे मला तिच्या मानेवरून दिसलं. जिना चढली, वरच्या दोन खोल्या, गॅलरी, परत खाली. सैपाकघर. ओटा होता, खिडकी होती, खिडकीतून ऊन पडलं होतं. लॅपटॉपचा पंखा नुसता घुमत होता, गिरणी नाही. त्या घरच्या बाईने नवऱ्याला कोपर मारलं आणि म्हणाली, "दिसलं आता?"

म्हातारी पुन्हा एकदा दाखव म्हणाली. सुनेने पुन्हा फिरवलं.

"सारं ठीक हाय," म्हातारी म्हणाली. "पण कापूस कुठी ठेवाचा वं बाई?"

तिचा मुलगा शरमला. "माय, हे नवं घर होय. टाइल राह्यतीन सारीकडे."

"मंग? नव्या घरात कापूस येत नाई का? टाइल पाहून परत जाते का तो?"

इंजिनियर हसला. म्हणाला, माय, बैठक मोठी आहे, तिथे ठेवा थोडे दिवस. त्याला ते सोपं वाटलं. सून हसली नाही. तिने कोणाकडे न पाहता बाण फिरवला आणि घराच्या मागच्या अंगाला एक खोली काढायला लागली. आम्ही सगळे पाहत होतो. भिंती एकामागून एक उभ्या राहिल्या. घरात उघडणारं दार तिने दिलंच नाही. दार बाहेरून, अंगणातून. वर उंचावर जाळीची खिडकी.

"आतून दार काऊन नाई?" शेतकऱ्याने विचारलं.

"तूस घरात येते," सून म्हणाली.

म्हातारी पुढे वाकली. "दार रुंद कर. डोक्यावर गाठोडं घेऊन बाई शिरली पाह्यजे."

सुनेने दार ओढून रुंद केलं. मग सगळ्यांना घेऊन अंगणातून त्या खोलीत गेली, आत एक फेरी मारली आणि बाहेर आली. लॅपटॉप कुठे अडला नाही.

"हां," म्हातारी म्हणाली आणि काठी उचलली.

ती माणसं गेल्यावर इंजिनियरने कपाटातून दुसऱ्या एका घराचा कागद काढून सुनेला दिला. हे याच महिन्यात पाहिजे, म्हणाला. एवढंच. मी वाट पाहत होते की तो त्या नागपूरच्या पोराबद्दल काही बोलेल. तिने कागदाची घडी करून पिशवीत घातली आणि उठली.

त्यानंतर तिच्याकडे कागद येत गेले. महिन्यातून एकदा ती लॅपटॉप उलटा करते, स्क्रू काढते, ब्रश मारते. दुकानदाराकडून शिकून आली. गावातल्या आणखी एकदोन जणींनी आपल्या घरासाठी तशीच मागची खोली काढून मागितली, पैसे न देता. तिने एकीला काढून दिली, दुसरीला सांगितलं वेळ नाही. बरं केलं. आमच्या घरालाही तिने मागे एक खोली काढून ठेवली आहे, पडद्यावर. येत्या दिवाळीपर्यंत ती खरी होते का ते पाहायचं. नाही झाली तर कापूस कुठे ठेवायचा हा प्रश्न आहेच.

भाव नंतर चढला. चांगलाच चढला. होळीच्या आधी शेजारणीने भिंतीवरून ओरडून मला सांगितलं, हाताने मान खाजवत. मी आत गेले. सून टेबलाशी होती, पडद्यावर कोणाचंतरी देवघर होतं, ती त्यात दिवा लावत होती.

"भाव चढला कापसाचा," मी म्हटलं.

"हो का?" ती म्हणाली. मान वर केली नाही.